उच्च श्रेणीच्या गेमिंग लॅपटॉपांची विश्वसनीयता व त्यांचे मूल्यमापन

खेळासाठी म्हणून विकला जाणारा लॅपटॉप आज केवळ खेळणाऱ्यांचा राहिलेला नाही. इमारतींचे त्रिमित आराखडे, चित्रफितींचे संकलन, वैद्यकीय प्रतिमांचे पृथक्करण, भाषाविषयक संगणन अशा अनेक कामांना प्रबळ ग्राफिक्स चिप लागते, आणि सोबत नेता येईल अशा यंत्रात ती सुलभपणे मिळते ती याच वर्गात. त्यामुळे अभियांत्रिकी व वास्तुकला यांचे विद्यार्थी, स्वतंत्र व्यवसाय करणारे कलावंत आणि संशोधक हेही या यंत्राचे गिऱ्हाईक झाले आहेत. वरच्या श्रेणीच्या यंत्राची किंमत भारतात दोन लाख रुपयांच्या आसपास सुरू होऊन चार लाखांच्याही पुढे जाते. मध्यमवर्गीय कुटुंबास एवढी रक्कम पुष्कळदा हप्त्यांनी उभी करावी लागते. हप्ते फिटण्यापूर्वीच यंत्र निकामी झाले तर होणारी हानी केवळ गैरसोयीपुरती राहत नाही. असे असूनही खरेदीचा निर्णय बहुधा तीन गोष्टींवर होतो: चिपचा क्रमांक, उत्पादकाचे नाव आणि ओळखीच्या कोणा एकाचा अनुभव. या तिन्ही आधारांवर कितपत विसंबता येईल, हे पाहण्याचा येथे उद्देश आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करणे अगत्याचे आहे. अभियांत्रिकीत विश्वसनीयता म्हणजे ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काळपर्यंत, ठरावीक काम यंत्र बिनबोभाट करील याची संभाव्यता होय. या व्याख्येतील तिन्ही 'ठरावीक' सारखेच महत्त्वाचे आहेत. वातानुकूलित खोलीत दिवसाकाठी एक तास चालणारे यंत्र आणि विदर्भातील उन्हाळ्यात सलग सहा तास चालणारे यंत्र यांची घडण एकच असली, तरी त्यांची विश्वसनीयता एक नव्हे. मूल्याचेही तसेच आहे. किंमत ही खरेदीच्या दिवशी ठरते. मूल्य मात्र किती वर्षे, किती वेगाने व किती दुरुस्तीखर्चात काम झाले यावर अवलंबून असते.

आता चिपच्या क्रमांकाकडे वळू. एनव्हिडिया या कंपनीची आरटीएक्स ५०९० ही चिप २०२५ साली दोन रूपांत बाजारात आली. मेजावरच्या संगणकासाठी असलेल्या रूपात २१,७६० कोअर, म्हणजे एकाच वेळी हिशेब करणारे सूक्ष्म गणनघटक, आहेत. स्मृती ३२ गिगाबाइट आणि विजेचा वापर ५७५ वॉटपर्यंत. लॅपटॉपमधील रूपात कोअर १०,४९६, स्मृती २४ गिगाबाइट आणि विजेचा वापर साधारणतः ९५ ते १५० वॉट. किंबहुना ही मुळात एकच चिप नव्हे. लॅपटॉपमधील ५०९० ज्या सिलिकॉनवर घडविली आहे, त्यावर मेजावरच्या संगणकातील ५०८० घडविलेली आहे. क्रमांक तोच, वस्तू निराळी. यापूर्वीच्या ४०९० च्या बाबतीतही हाच प्रकार होता: एकीकडे १६,३८४ कोअर व ४५० वॉट, दुसरीकडे ९,७२८ कोअर व सुमारे १५० वॉट.

हे सदैव असेच होते असे मात्र नाही. २०१६ साली दहा क्रमांकाची मालिका निघाली तेव्हा १०८० चे दोन्ही अवतार २,५६० कोअरचे होते, आणि १०७० च्या लॅपटॉपरूपात तर मेजावरच्या रूपापेक्षा अधिक कोअर होते. पुढे मेजावरच्या चिपांचा वीजवापर वाढत गेला. लॅपटॉपच्या पातळ पेटीतून बाहेर टाकता येणाऱ्या उष्णतेची मर्यादा मात्र फारशी हलली नाही. तेथून नाव आणि वस्तू यांच्यात अंतर पडत गेले. २०१७ साली कमी वॉटवर चालणाऱ्या चिपांना 'मॅक्स-क्यू' हे वेगळे उपनाव देण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळे निदान भेद तरी दिसत असे. २०२१ च्या आरंभी ३० क्रमांकाच्या मालिकेत ते उपनाव चिपच्या नावातून गळले. परिणामी ८० वॉटवर चालणारी ३०८० आणि १५० वॉटवर चालणारी ३०८० एकाच नावाने दुकानात मांडल्या गेल्या. त्यावर टीका झाली व उत्पादकांनी वॉटचा आकडा जाहीर करावा असा आग्रह एनव्हिडियाने धरला. तरीही तो आकडा जाहिरातीच्या ठळक ओळीत क्वचितच असतो. तो तपशिलाच्या तक्त्यात शोधावा लागतो, आणि शोधणाऱ्यास तो काय सांगतो हे ठाऊक असावे लागते.

तो काय सांगतो? चिप विजेवर चालते आणि घेतलेली जवळजवळ सगळी वीज अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकते. तिला लागणारी शक्ती ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या व कंप्रतेच्या प्रमाणात असते. कंप्रता वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावे लागते. म्हणून शक्ती कंप्रतेच्या जवळजवळ घनाने वाढते. दहा टक्के अधिक वेगासाठी सुमारे तेहतीस टक्के अधिक वीज, असा हा हिशेब आहे. उलट बाजूने पाहिले तर वीज निम्मी केल्यास कंप्रता सुमारे एक-पंचमांशानेच उतरते. यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, ५७५ वॉटऐवजी १५० वॉटवर चालणारे यंत्र चौपट मंद नसते. दुसरा, ग्राहकाच्या दृष्टीने अधिक कामाचा: कमी वॉटवरून मध्यम वॉटवर जाण्यात जो लाभ आहे, तो मध्यमवरून कमाल वॉटवर जाण्यात नाही. शेवटचे वीस-तीस वॉट महाग पडतात, पंखे ओरडतात आणि वेगात जेमतेम फरक पडतो.

किमतीच्या शिडीवरील वरच्या दोन पायऱ्यांना हे तत्त्व लावून पाहण्यासारखे आहे. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने लॅपटॉपसाठी ज्या आरंभीच्या किमती जाहीर केल्या, त्यांत ५०८० चे यंत्र २,१९९ डॉलरांपासून व ५०९० चे २,८९९ डॉलरांपासून होते, म्हणजे किंमत सुमारे बत्तीस टक्क्यांनी अधिक. ५०८० मध्ये ७,६८० कोअर आहेत. ५०९० मध्ये त्याहून सदतीस टक्के अधिक. वरवर पाहता हा सौदा चोख वाटतो. पण दोहोंची विजेची कमाल मर्यादा एकच, १५० वॉट. तीच भाकरी अधिक तोंडांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्यास कमी येते. अधिक कोअर त्याच विजेवर चालवावयाचे म्हणजे प्रत्येकाची कंप्रता उतरवावी लागते. म्हणून प्रत्यक्ष वेग कोअरच्या प्रमाणात वाढत नाही. केवळ खेळासाठी यंत्र घेणाऱ्यास वरची पायरी क्वचितच परवडते असे म्हणावयास हरकत नाही. ज्याचे काम स्मृतीवर अडते त्याची गोष्ट वेगळी. मोठी भाषिक प्रतिमाने अथवा अवजड त्रिमित दृश्ये १६ गिगाबाइटांत मावत नसतील व २४ मध्ये मावत असतील, तर तेथे प्रश्न काम होण्याचा वा न होण्याचा असतो, वेगाचा नव्हे. याच कारणाने शिडीच्या खालच्या टोकाकडे ८ गिगाबाइट स्मृतीची महागडी यंत्रे विशेष सावधपणे पाहावीत. चिपचा वेग पुरेसा असूनही स्मृती अपुरी पडल्याने ती लवकर जुनी होतात.

उष्णता बाहेर टाकण्याची रचना हा या यंत्राचा खरा प्राण होय. चिपच्या पाठीवर पेस्टचा पातळ थर, त्यावर तांब्याचा पत्रा, त्यातून निघणाऱ्या उष्णतावाहक नळ्या, त्यांच्या टोकांना पातळ पात्यांचे जाळे आणि त्यातून हवा फुंकणारे पंखे, अशी ही साखळी असते. साखळीतील सर्वांत दुबळा दुवा बहुधा पेस्टचाच. यंत्र तापते व निवते तसा चिप व तांबे यांच्यामधील थर किंचित हलतो, आणि कालांतराने पेस्ट कडेला सरकते किंवा वाळते. काही उत्पादकांनी वरच्या श्रेणीत पेस्टऐवजी गॅलियमची द्रवरूप मिश्रधातू वापरावयास सुरुवात केली आहे. तिची उष्णतावाहकता पेस्टच्या अनेक पट आहे. परंतु ती वीजही वाहून नेते आणि ॲल्युमिनियमला पोखरते. कारखान्यात नीट बंदिस्त केलेली असेल तर ती उत्तम. अननुभवी हाताने उघडलेल्या यंत्रात तिचा एक थेंब मदरबोर्डचा घात करू शकतो.

येथे हवामानाचा विचार ओघानेच येतो. चिपचे तापमान हे भोवतालच्या हवेचे तापमान अधिक उष्णतेमुळे होणारी वाढ असे असते. समजा, पंख्यांचा वेग कायम असता २०० वॉट उष्णतेमुळे तापमान ६० अंश सेल्सिअसने चढते. २५ अंशांच्या खोलीत चिप ८५ अंशांवर राहील. तीच खोली ४० अंशांची झाली आणि चिपची मर्यादा ८५ च मानली, तर चढण्यास केवळ ४५ अंश उरतात, व यंत्रास २०० ऐवजी १५० वॉटवरच थांबावे लागते. पुष्कळ लॅपटॉपांच्या तपशिलात वापरासाठी भोवतालच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश दिलेली आढळते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ च्या आसपास जातो, आणि पंख्याखालच्या खोलीतही ३५ अंश ओलांडणे नवलाचे नाही. थंड देशातील परीक्षकाने वीस-बावीस अंशांच्या खोलीत केलेली मापने येथे जशीच्या तशी लागू होत नाहीत. कोकणात निराळी अडचण, दमट व खाऱ्या हवेची. धुळीचा जाच मात्र सर्वत्र सारखा.

विश्वसनीयतेच्या प्रश्नात आणखी खोल जावयाचे तर २००८ सालच्या एका प्रकरणाचा परामर्श घेणे उपयुक्त ठरेल. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात एनव्हिडियाने जाहीर केले की, लॅपटॉपसाठीच्या काही चिपांमध्ये अपेक्षेहून अधिक बिघाड होत असून दुरुस्ती व बदलीच्या खर्चापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूस काढावे लागत आहेत. दोष चिपच्या गणितात नव्हता. तो तिच्या बैठकीत होता. सिलिकॉनची चिप खालच्या पट्टीवर शेकडो सूक्ष्म डाखांच्या थेंबांनी बसविलेली असते. दर अंशामागे सिलिकॉन दशलक्षात सुमारे तीन भाग प्रसरण पावते, तर खालची सेंद्रिय पट्टी पंधराच्या आसपास. यंत्र चालू केले की दोन्ही तापतात, बंद केले की निवतात, आणि प्रत्येक फेरीत हे थेंब कातरीत सापडल्यासारखे ओढले जातात. थेंबांस आधार देणारे भरणद्रव्य तापल्यावर मऊ पडू लागले की सारा ताण थेंबांवर येतो व काही काळाने त्यांना तडे जातात. धातूच्या अशा थकव्याचा नियम कॉफिन व मॅन्सन या दोन अभियंत्यांनी १९५० च्या दशकात स्वतंत्रपणे मांडला होता: प्रत्येक फेरीतील ताणविकृती वाढली की टिकणाऱ्या फेऱ्यांची संख्या झपाट्याने घटते. म्हणजे यंत्र किती तास चालले याइतकेच ते किती वेळा तापून निवले, हेही मोजावयास हवे.

या प्रकरणाचे खरे महत्त्व अन्यत्र आहे. ही चिप डेल, एचपी, ॲपल अशा परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या यंत्रांत एकाच वेळी होती. ज्याने उत्पादकाचे नाव पाहून यंत्र निवडले त्याचे नाव येथे कामास आले नाही. दोष सर्वांच्या पोटात सारखाच होता. शिवाय नवे यंत्र आठवडाभर हाताळून अभिप्राय लिहिणाऱ्या कोणाही परीक्षकास तो दिसणे शक्यच नव्हते, कारण तो प्रकट व्हावयास शेकडो तापन-शीतनाच्या फेऱ्या लागत. नाव कामास आले ते नंतर. या चिपांपुरती हमीची मुदत वाढविण्याचे पाऊल या कंपन्यांनी उचलले, आणि त्या वाढीव मुदतीत कोण बसतो, कोण नाही, यावर ग्राहकाची हानी ठरली. अमेरिकेतील सामूहिक दाव्यात २०१० साली तडजोड झाली. उत्पादकाची कीर्ती यंत्र बिघडणार नाही याची खूण म्हणून पाहण्यापेक्षा, बिघडल्यावर तो कसा वागेल याची खूण म्हणून पाहणे अधिक सयुक्तिक होय.

उत्पादकांच्या तुलनेस आकड्यांचा आधार हवा, असे कोणी म्हणेल. आधार अगदीच नाही असे नाही. वाढीव हमी विकणाऱ्या स्क्वेअरट्रेड या अमेरिकन कंपनीने २००९ साली सुमारे ३०,००० लॅपटॉपांच्या नोंदी तपासून असे अनुमान काढले होते की, तीन वर्षांत ३१ टक्के यंत्रे निकामी होतात; त्यांत २०.४ टक्के अंगच्या बिघाडाने व १०.६ टक्के पडणे, सांडणे अशा अपघातांनी. ही आकडेवारी जुनी आहे, गेमिंग लॅपटॉपांची स्वतंत्र नाही, आणि ती काढणाऱ्या कंपनीचा हितसंबंधही उघड आहे. तरी तीतून प्रश्नाचे आकारमान कळते: लॅपटॉप बिघडणे ही विरळा घटना नव्हे. पण दोन नावांत डावे-उजवे करण्यास किती यंत्रे पाहावी लागतील? एकाचे बिघाडप्रमाण १० टक्के व दुसऱ्याचे १२ टक्के असेल, तर हा फरक योगायोगाचा नव्हे असे संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीने दाखविण्यास प्रत्येकाची सुमारे ३,८०० यंत्रे लागतात. शंभर मालकांपैकी एकाचेही यंत्र बिघडले नाही एवढेच ठाऊक असेल, तर खरे प्रमाण तीन टक्क्यांपर्यंत असू शकते. यावरून मित्राच्या एका यंत्राचा पुरावा किती तोकडा आहे हे वाचकांच्या लक्षात येईल. त्यातही ज्याचे यंत्र बिघडते तो लिहितो. ज्याचे चालते तो ते वापरीत बसतो. म्हणून ग्राहकांच्या तक्रारींची संख्या मोजण्यात अर्थ नाही. त्यांचा प्रकार मात्र पाहावा. एकाच नमुन्याच्या यंत्रात तीच बिजागरी त्याच जागी तुटल्याचे दहा निरनिराळे लोक सांगत असतील, तर तो घडणीचा दोष मानण्यास जागा आहे.

बिघाड झाल्यावर काय, या प्रश्नाकडे खरेदीच्या वेळी सर्वांत कमी लक्ष दिले जाते. आजच्या बहुतेक गेमिंग लॅपटॉपांत प्रोसेसर व ग्राफिक्स चिप एकाच मदरबोर्डवर डाखलेल्या असतात. एक चिप गेली की सारा बोर्ड बदलावा लागतो, आणि त्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या मोठ्या हिश्श्याइतका असू शकतो. रॅम, एसएसडी, बॅटरी व पंखे हे भाग मात्र अनेक यंत्रांत सुटे असतात. जेथे रॅमही डाखलेली आहे तेथे यंत्राचे आयुष्य खरेदीच्या दिवशीच बांधले जाते. ग्राफिक्स चिप सुटी ठेवण्याचे प्रयत्न पूर्वी झाले. २००४ साली एमएक्सएम नावाचे मानक त्यासाठीच पुढे आले, पण यंत्रे पातळ होत गेली तसे ते मागे पडले. २०१९ साली डेलच्या एलियनवेअर एरिया-५१एम या लॅपटॉपाची प्रसिद्धी त्याचे भाग पुढे बदलता येतील या गुणावर झाली होती. पुढील पिढीचे भाग त्यात बसत नाहीत या तक्रारीवरून २०२१ मध्ये अमेरिकेत दावा दाखल झाला. याउलट फ्रेमवर्क या लहान कंपनीच्या १६ इंची यंत्रासाठी २०२५ साली आरटीएक्स ५०७० चा नवा सुटा भाग जाहीर झाला, व तो जुन्या यंत्रातही बसतो. भविष्यात मिळेल म्हणून सांगितलेल्या भागाला आज पैसे मोजू नयेत. पूर्वी दिलेला शब्द ज्याने पाळला आहे त्याच्या शब्दाला थोडे मोल द्यावे, इतपत तारतम्य येथे पुरते.

बॅटरीविषयी थोडक्यात. विमानप्रवासात विनापरवाना नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तास असल्याने मोठ्यात मोठी बॅटरीही ९९.९ वॉट-तासांवर थांबते. दोनशे वॉटचे काम तिच्यावर अर्धा तासही धड चालणार नाही, म्हणून बॅटरीवर यंत्र आपला वेग आपणच आवरते. सतत चार्जरला जोडलेल्या व तापणाऱ्या यंत्रात बॅटरी पूर्ण भरलेली ठेवणे तिला मानवत नाही, ती फुगू लागते. ऐंशी टक्क्यांवर चार्ज थांबविण्याची सोय असेल तर ती वापरावी.

आता वाढीव हमीचा हिशेब. समजा, यंत्र तीन लाखांचे, बोर्ड बदलण्याचा खर्च दीड लाख, आणि दुसऱ्या व तिसऱ्या वर्षात मिळून तशी वेळ येण्याची संभाव्यता दहा टक्के धरली. अपेक्षित हानी पंधरा हजार रुपये झाली. वीस यंत्रे घेणाऱ्या संस्थेस यापेक्षा महाग हमी घेणे गैरसोयीचे. तिचे नुकसान सरासरीने भरून निघते. एकच यंत्र घेणाऱ्या विद्यार्थ्यास सरासरीचा उपयोग नाही. त्याच्या घरात एकदम दीड लाख उभे राहणार नसतील, तर पंधराऐवजी वीस हजारांची हमीही त्याच्यासाठी शहाणपणाचीच ठरते. भारतात पुष्कळ नमुन्यांना मूळ हमी एकच वर्षाची मिळते. ती कोणत्या शहरात, घरी येऊन की केंद्रावर नेऊन, अपघात धरून की वगळून, हे पावतीपूर्वी लेखी पाहावे. सोलापूरच्या ग्राहकास पुण्याच्या केंद्रावर दोन खेपा घालाव्या लागत असतील, तर तो खर्चही किमतीतच धरावयास हवा.

यंत्र हाती आल्यावर परत वा बदली करण्यास मोजकेच दिवस मिळतात. त्या दिवसांत ग्राहकास स्वतः करता येण्याजोगी एक चाचणी आहे. नेहमीचे सर्वांत जड काम अर्धा तास सलग चालवावे. पहिल्या दोन मिनिटांतील आकडे सोडून द्यावेत, कारण तेव्हा तांबे अजून थंड असते आणि प्रत्येक यंत्र आपल्या कमाल वेगाने धावते. विसाव्या मिनिटानंतर चिप किती वॉट घेत आहे, तिचे तापमान व कंप्रता किती, पंखे कितीवर आहेत आणि खोलीचे तापमान काय, एवढे टिपून ठेवावे. हे आकडे फुकट मिळणाऱ्या साध्या प्रोग्रामांतून दिसतात. खोलीसाठी साधा तापमापक पुरतो. तपशिलात दिलेल्या वॉटपेक्षा विसाव्या मिनिटाचे वॉट फारच कमी असतील, तर यंत्र परत करण्याची वेळ तीच. आणि यंत्र ठेवले, तरी तो कागद जपून ठेवावा. दोन वर्षांनी त्याच ऋतूत, त्याच कामावर तीच चाचणी केली असता वॉट उतरले आहेत की केवळ जाळीत धूळ बसून पंखे अधिक ओरडत आहेत, हे दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच कळू शकते.